वाचन सुटतं तिथं बहुतेकदा एखादी आज्ञा अडलेली असते

भाऊ, सलाम.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही जालना तालुक्यातले, ख्रिस्ती घरातच वाढलेले. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतलात. रविवारची उपासना चुकत नाही. जानेवारीत उत्पत्तीपासून बायबल वाचायला घेतलं, वर्षात पूर्ण व्हावं म्हणून रोज तीन-चार अध्याय. लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी वाचन सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. आता विचारता, ‘रोज किती वाचू म्हणजे विश्वासात वाढ होईल?’ आणि जाता जाता एक ओळ लिहिलीत, की वडिलांच्या दवाखान्याच्या खर्चावरून थोरल्या भावाशी अबोला आहे आणि त्यामुळे घरातली संध्याकाळची प्रार्थना बंद पडली आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे, असं मला वाटतं.

किती वाचायचं ते पुढं सांगतोच. पण आधी मत्तय ७:२४ ते २७ काढा. मत्तय ५ ते ७ मधल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा हा शेवट. एक घर खडकावर, एक वाळूवर. आपण लहानपणापासून शब्बाथ शाळेत हे ऐकलं आणि मनात असं बसलं की खडकावरचा तो विश्वासी आणि वाळूवरचा तो बाहेरचा. पुन्हा वाचा. दोघांनीही येशूची वचनं ऐकली आहेत. पाऊस दोघांच्याही घरावर पडला, पूर दोघांकडेही आला. फरक एवढाच, की एकानं ऐकल्याप्रमाणे केलं आणि दुसऱ्यानं केलं नाही. म्हणजे हे दोघं आपल्याच मंदिरात एकाच बाकावर बसलेले आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही घरं सारखीच दिसतात.

योहान ७:१७ मध्ये प्रभू याहून पुढची गोष्ट सांगतो. जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार आहे, त्याला ही शिकवण देवाकडची आहे की नाही ते कळेल. आपण उलटं धरून चालतो. आधी सगळं समजू दे, मग करू. प्रभूनं तयारी आधी ठेवली आणि समजणं नंतर. म्हणून कोणी माझ्याकडे येऊन म्हणालं, ‘पास्टर, वचन कोरडं वाटतंय,’ तर मी नवं पुस्तक सुचवत नाही. मी विचारतो, शेवटचं कोणतं वचन टोचलं होतं, आणि त्याचं पुढं काय केलंत?

आमच्या मंडळीतल्या एका शेतकरी भावाची गोष्ट त्याच्या परवानगीनं सांगतो. रोज रात्री जेवण झालं की लेकरांना घेऊन वाचायला बसायचा. जुन्या करारातलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक चालू होतं. १९ व्या अध्यायात शेजाऱ्याच्या शेताची सीमा सरकवू नको अशी आज्ञा आली. ती त्यानं वाचली आणि पुढं गेला. २७:१७ ला पुन्हा तेच, आणि तिथं तर सीमा सरकवणाऱ्यावर शाप, त्यावर सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं. लेकरांनी मोठ्यानं आमेन म्हटलं. त्या रात्रीनंतर तो स्तोत्रांकडे वळला. स्तोत्रं वाचताना बरं वाटायचं. मग तेही कमी झालं. मला येऊन म्हणाला, काहीतरी सोपं पुस्तक सांगा.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, शेजारच्या वावराचा बांध त्याच्या वडिलांच्या वेळेपासून कोरला गेलाय. दर नांगरटीला एखादं तास आत. कुणी एका वर्षी केलेलं नाही, त्यामुळे कुणाला पाप वाटलंही नाही. शेजाऱ्याशी बोलणं नाही, पण भांडणही नाही, कारण शेजारी गरीब आहे.

मी त्याला काय कर ते सांगितलं नाही. वचनानं सांगितलं होतंच. त्यानं स्वतःहून मोजणीचा अर्ज केला, स्वतःच्या खिशातून मोजणीचे पैसे भरले. मोजणीच्या दिवशी शेजारी डोकं खाली घालून उभा होता. मोजणी म्हणजे आणखी काहीतरी जाणार, असंच त्याला वाटत होतं. खुणा लागल्या आणि पट्टी त्याच्या बाजूला गेली. आमच्या भावानं तिथंच दगड रोवले. घरात यावरून वाद झाला, चुलत्यांनी नावं ठेवली. शेजारीही लगेच गळ्यात पडला नाही. तो पुढं कितीतरी दिवस संशयानंच पाहत होता. पण त्या घरातलं रात्रीचं वाचन पुन्हा सुरू झालं ते आजही चालू आहे. आणि त्या माणसाच्या प्रार्थनेत जो मोकळेपणा आला, तो मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

आता एक काळजी घ्यायची आहे, आणि ती घेतली नाही तर वरचं सगळं उलटं फिरेल. आज्ञापालन म्हणजे नवस नाही. ‘देवा, मी बांध सोडला, आता तू पाऊस दे’ असा हिशेब नाही. आपल्या भागात नवसाची सवय इतकी जुनी आहे की आपण ख्रिस्ती झालो तरी ती प्रार्थनेच्या शब्दांत शिरते. निर्गमाचं पुस्तक क्रमानं पाहा. लोकांना मिसरातून सोडवलं, समुद्रातून पार नेलं, रानात भाकर दिली, आणि मग २० व्या अध्यायात दहा आज्ञा आल्या. पहिल्या आज्ञेच्याही आधी देव म्हणतो, मी तुला दास्यातून बाहेर आणलं. सुटका आधी झालेली आहे. इफिसकरांस २:८ ते १० मध्ये पौलही तोच क्रम धरतो. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. आणि पुढच्याच वचनात, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. आठवं-नववं वचन आपल्याला पाठ असतं, दहावं नसतं. दोन्ही लागतात. ज्याला वाटतं की पाळल्यामुळे देव आपला बाप होतो, तो लवकर थकतो. तो बाप आहेच, म्हणून पाळणारा लेकरासारखा चालतो, पडला तर उठतो. आणि पाळायची इच्छा व शक्ती हीसुद्धा तोच देतो, हे फिलिप्पैकरांस २:१३ मध्ये स्पष्ट आहे. म्हणून वाचायला बसण्याआधी पवित्र आत्म्याची मदत मागा. लहानशी प्रार्थना पुरे: प्रभू, जे दाखवशील ते करायला मला तयार कर.

आता तुमच्या भावाचं. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असलेला माणूस आहे. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे त्याला आठवतं. प्रभू म्हणतो, अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. चूक कोणाची, हे तिथं विचारलेलंच नाही. तेव्हा तुम्ही जा. फोनवर नको, समोर जा, आणि सणाच्या गर्दीत नको. खर्चाचा हिशेब पहिल्याच भेटीत काढू नका. ‘माझ्या बोलण्यानं तुला लागलं, मला माफ कर’ एवढं बोला आणि ‘पण तुझंही चुकलंच की’ हे वाक्य गिळून टाका. पैशाचं नंतर बोलता येईल, एखाद्या वडीलधाऱ्याला मध्ये घेऊन, कागदावर मांडून. तो बोलला नाही तर? रोमकरांस १२:१८ आहे: आपल्याकडून होईल तितकं सर्वांबरोबर शांतीनं राहा. त्याच्या उत्तराची जबाबदारी तुमची नाही. आणि त्याच आठवड्यात संध्याकाळची प्रार्थना सुरू करा, दोघंच असलात तरी.

आता वाचनाचा क्रम. मार्कपासून सुरू करा. १६ अध्याय आहेत, रोज एक. मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचताना डोळा टोचणाऱ्या ओळीवरून पटकन घसरतो. तोंडानं म्हणावी लागली की घसरता येत नाही. आईला वाचता येत नाही असं लिहिलंत, म्हणजे तर मोठ्यानं वाचण्याला दुहेरी कारण आहे. तुम्ही रात्रपाळीला असाल तेव्हा तिला मोबाइलवर मराठी बायबलचं ध्वनिमुद्रण लावून द्या. श्रवणानं विश्वास होतो, आणि आमच्या मंडळ्यांतल्या कित्येक आजींना अक्षर येत नसताना स्तोत्रंच्या स्तोत्रं पाठ आहेत.

मार्क झालं की मत्तय ५ ते ७. एकूण १११ वचनं, पण इथं घाई करू नका, महिना लागला तरी चालेल. हेच तीन अध्याय नारायण वामन टिळकांच्या हाती पडले. रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला होता. ते विद्वान होते, वाद घालू शकत होते, पण या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर तुटलं, नाती तुटली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर सुरुवातीला फार सोसावं लागलं. ती किंमत कळली की आपल्याला मिळालेला नवा करार कपाटात ठेवायला हात धजत नाही.

त्यानंतर याकोब, पाचच अध्याय, आणि फिलिप्पै, चार. मग मागं जाऊन उत्पत्ती आणि निर्गमाचे पहिले २० अध्याय. लेवीय सोडून देऊ नका, फक्त पहिल्या अध्यायापासून शिरू नका. १६ वा अध्याय इब्रीच्या ९ व्या आणि १० व्या अध्यायासोबत वाचा, म्हणजे ती यज्ञाची सगळी व्यवस्था ख्रिस्ताच्या एकदाच झालेल्या अर्पणात कशी पूर्ण झाली ते उलगडेल. ते यज्ञ आज आपल्याला करायचे नाहीत. आणि मग १९ वा अध्याय. हा अध्याय तर आपल्या मराठवाड्यातच बसून लिहिल्यासारखा वाटतो. शेताचा कोपरा न् कोपरा कापू नको, सरवा गरिबांसाठी राहू दे. बहिऱ्याला शिव्या देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. माप खोटं ठेवू नको. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नको.

त्या शेवटच्या आज्ञेपाशी थांबतो. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका सकाळी भाकरी बांधून येतात, दिवसभर वाकून वेचतात, संध्याकाळी वजन होतं, वहीत आकडा लिहिला जातो. पैसे बाजाराच्या दिवशी. बाजाराच्या दिवशी मालक म्हणतो, कापूस विकला की देतो. आमच्याकडच्या एका बहिणीनं हे वचन वाचलं आणि नवऱ्याला म्हणाली, आपल्या शेतात वजन झालं की तिथंच पैसे. हातात रोख नसायची, म्हणून त्यांनी वेचणीआधीच थोडं बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. त्यासाठी त्या वर्षी एक खरेदी पुढं ढकलली. आज्ञा पाळायला नुसती भावना पुरत नाही, आधी तजवीज करावी लागते, हे मी तिच्याकडून शिकलो. वेचणाऱ्यांपैकी एकीनं तिला विचारलं, तुम्ही असं का करता? तेव्हा त्या बहिणीनं बांधावर बसून लेवीयाचा १९ वा अध्याय वाचून दाखवला. बायका कामावरून उठून ऐकत बसल्या. मी पाहिलेल्या सुवार्तेच्या सभांमध्ये मी ही सभा धरतो.

वही ठेवा, पण लांबलचक टिपणं नकोत. दिवसाला एकच ओळ: आज काय करायचं, कोणाशी, कधीपर्यंत. ‘मी अधिक प्रेमळ झालं पाहिजे’ असं लिहिलंत तर काहीच होणार नाही. ‘शनिवारी कामावरून येताना आत्याकडे जाऊन तिची गोळ्यांची चिठ्ठी घ्यायची’ असं लिहा. काही दिवशी वचनात करण्यासारखं काही नसेल, फक्त देव कसा आहे ते दिसेल. त्या दिवशी उपकार मानणं हेच करायचं.

भाषांतराबद्दल विचारलंत. घरात जे आहे ते घ्या. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र आपल्या मंडळ्यांत चालतं. एखादं वाक्य जड गेलं तर सोप्या मराठीतलं भाषांतर शेजारी उघडा. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायांना कळावं म्हणून. त्यांच्याच मुक्ती मिशन या आश्रमातल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले आणि छापलं. १९२२ साली रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. आणि ज्या बाईनं शब्द न् शब्द तोलून भाषांतर केलं, तीच १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना घेऊन आली होती. तिचं वाचणं आणि तिचं करणं वेगळं काढून दाखवता येत नाही.

वचन संदर्भासकट वाचायची सवय लावा. यिर्मया २९:११ आपल्या कॅलेंडरांवर, गाड्यांवर, नव्या वर्षाच्या वचनाच्या चिठ्ठीवर असतं: तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. वचन खरं आहे. पण ते एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेलं आहे. आदल्याच वचनात म्हटलंय की ७० वर्षं भरल्यावर. त्याआधी म्हटलंय, घरं बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला पाठवलं त्याचं हित साधा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आपली पोरं चाकणला, पुण्याला कामाला जातात, बीडकडची कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन उसाच्या फडात सहा-सहा महिने राहतात. त्यांना नुसतं अकरावं वचन देऊ नका, चौथ्यापासून वाचून दाखवा. परक्या जागीही नीट राहायचं, तिथल्या लोकांचं भलं पाहायचं, ही आज्ञा त्यांच्यासाठी आहे. वचनाची चिठ्ठी काढणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. चिठ्ठी निघाली की तो अध्याय उघडा, एवढंच.

आणि आज्ञापालनाच्या नावाखाली कुणाच्याही शब्दाला देवाचा शब्द मानू नका, माझ्याही नाही. बिरुया नगरातले लोक पौलाचंसुद्धा शास्त्रात ताडून पाहत होते, प्रेषितांची कृत्ये १७:११. कुणी म्हणालं, विश्वास असेल तर औषध बंद करा, तर ते ऐकू नका. पौलानं आपल्या सोबती तीमथ्याला पोटासाठी उपाय सुचवला, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. तुमच्या वडिलांच्या गोळ्या चालू राहू द्या आणि प्रार्थनाही चालू राहू द्या.

कोरडे दिवस येतील. पाळूनही येतील. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आम्ही घरगुती सभांमध्ये हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचत होतो. झाडाला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. लोक रडत रडत वाचत होते आणि ते रडणं अविश्वासाचं नव्हतं. स्तोत्र १३ आणि ८८ अशाच दिवसांसाठी दिलेली आहेत. आणि कुणी अगदीच खचला असेल, जगणं नको म्हणत असेल, तर त्याला आज्ञा सांगत बसू नका. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रानातल्या झाडाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. झोपू दिलं. पुन्हा भाकर दिली. काम नंतर सांगितलं. तसं त्याच्याजवळ बसा, खायला घाला, दवाखान्यात न्या, एकटं सोडू नका.

एकट्यानं हे सगळं निभत नाही. तुमच्या वस्तीत शुक्रवारची सभा असते ना? तिथं गाणी आणि संदेश आहेतच. सुरुवातीला दहा मिनिटं मागून घ्या, आणि प्रत्येकानं एवढंच सांगायचं: मागच्या आठवड्यातलं वचन, आणि त्याचं घरी, शेतात, कंपनीत काय झालं. जमलं नाही तेही सांगायचं. पहिले काही शुक्रवार कुणी बोलणार नाही. मग एखादी आई बोलेल, बहुतेकदा त्याच आधी बोलतात, आणि पुढं पुरुषही तोंड उघडतात. जालन्याजवळ पाळक नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली तेव्हा तिथं प्रार्थनामंदिरासोबत शाळा होती, शेती होती. वचन ऐकणारे एकमेकांच्या डोळ्यांसमोर जगत होते. आपली वस्ती आता पांगली आहे, म्हणून ही दहा मिनिटं मुद्दाम काढावी लागतात.

वाचन पुन्हा सुटेल तेव्हा राहिलेले अध्याय भरून काढायला बसू नका. त्या ओझ्यानंच बरेच जण कायमचं सोडतात. ज्या दिवशी आठवण होईल त्या दिवशीचा एक अध्याय मोठ्यानं वाचा आणि वहीत पुढची ओळ लिहा. भावाला भेटून आलात की मला कळवा. मी दर रविवारी उपासनेनंतर तासभर मंदिरातच असतो, त्यालाही घेऊन या.